सुपडूनानांची पालकसभा

पालकसभेला बाकीचे पालक तक्रारी घेऊन येत, सुपडूनाना वांगी घेऊन येत. भरताची, हिरवीगार, चांगली पिशवीभर. सभा सुरू व्हायच्या आधी ते शिक्षकांच्या रांगेतून फिरत आणि प्रत्येकीच्या पुढ्यात एकेक वांगं ठेवत. पहिल्या वर्षी आम्हाला वाटलं, म्हातारा भोळा आहे, शेतात पिकतं ते आणतो. मग हळूहळू लक्षात आलं की ज्या बाईंबद्दल पालकांत कुरबुर जास्त, त्या बाईंचं वांगं मोठं.

यामागे नानांचं शास्त्र होतं. "जी बाई चिडस, ती उपाशी ऱ्हास," ते सांगत. म्हणजे चिडक्या बाईला नीट खायला घातलं की वर्ग सुधारतो. एका वर्षी मी शुद्धलेखनावरून पोरांना फार पिडलं, तर माझ्यापुढे असं धूड आलं की टेबलावरच्या वह्या सरकवाव्या लागल्या. शेजारच्या गणिताच्या बाईंना त्या वर्षी लिंबाएवढं वांगं मिळालं होतं. त्या दिवसभर गालातल्या गालात हसत होत्या. मी मूळची शिंदखेड्याची, असलं मनाला लावून घेणारी नाही. तरी लावून घेतलं.

आमची शाळा मिशनची. धुळे-जळगाव रस्त्यापासून जरा आत, चर्चच्या आवारात. मुख्याध्यापिका सिस्टर रोझलीन केरळच्या. मराठी शुद्ध, शिस्त त्याहून शुद्ध. सकाळी घंटा झाली की फाटक बंद. खेड्यावरची पोरं काळीपिवळी जीपमध्ये कोंबून येत, एखादा ट्रॅक्टर आडवा आला की उशीर होणारच. मग ती फाटकाबाहेर उभी. पालक चिडत, सिस्टर ऐकत नसत, आणि सभेत दोन्ही बाजू समोरासमोर बसून एकमेकींकडे अशा बघत की जणू सोयरीक मोडायला आल्या आहेत. नाना आपली खुर्ची उचलत, बरोबर मधे ठेवत आणि आपलं ठरलेलं वाक्य टाकत, "पोरे बठ्ठास्ना शेतस!"

पोरं सगळ्यांची, हे म्हणायला सोपं. पण नानांचा जीव अडकला होता तो एका पोरीत. खुशी, त्यांची नात. मुलगा आणि सून सुरतेला; दोघं कामावर, एका खोलीचा संसार, म्हणून पोर चालायला लागल्यापासून नानांकडे. घरात बाईमाणूस नाही. वेण्या नाना घालत, आणि कापसाचा गठ्ठा बांधावा तशा आवळून घालत. खुशीच्या भुवया कायम जरा वर ओढलेल्या असायच्या. मुलगा आता फोनवर पोरीला घेऊन जायचं म्हणू लागला होता, "नाना, तठली शाळामा नुसता झगडा. पोरले मी सुरतले लई येस." नानांनी मला हे सांगितलं आणि वर म्हणाले, "बाई, शाळा चांगली व्हई गई तं पोर आठेच राही ना?" तेव्हा कुठे मला कळलं, हा माणूस आमची शाळा सुधारायच्या मागे का लागलाय ते.

आणि लागले म्हणजे लागलेच. ईस्टरच्या आधी सिस्टरांचे उपास असतात हे त्यांनी कुठूनसं ऐकलं. नानांच्या डोक्यात उपास म्हणजे एकादशी. ऐन दुपारी डबा घेऊन हजर: साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी. सिस्टर जेवायला बसल्या होत्या. ताटात वरण-भात.

नाना दारातच थबकले. "सिस्टर! भात? उपास मोडना ना तुम्हना!"

सिस्टरांनी शांतपणे समजावलं, की आमच्या उपासाला भात चालतो, फक्त मांस-मटण वर्ज्य आणि जेवण साधं. नाना विचारात पडले. मग म्हणाले, "मंग आम्हना बठ्ठा गावले रोजच उपास शे!"

सिस्टर हसल्या. मी त्या शाळेत इतकी वर्षं आहे, त्यांना इतकं खळखळून हसताना पहिल्यांदा पाहिलं. खिचडी त्यांनी खाल्ली, वर दाण्याची आमटी मागून घेतली. नानांनी ही बातमी गावभर केली: सिस्टर आपल्यासारखाच वरण-भात खाते. ज्या बाया सिस्टरांच्या झग्याला बिचकून चार हात लांब उभ्या राहत, त्या आता जवळ येऊन बोलू लागल्या.

फाटक मात्र बंदच होत राहिलं. त्यावर नानांनी हिवाळ्यात उपाय काढला. शेतावर भरीत पार्टी, सगळे शिक्षक आणि सगळे पालक. दिवस निवडला तोही धोरणाने. सुरतेला उत्तराणची, म्हणजे संक्रांतीची सुट्टी होती, मुलगा आणि सून आलेले होते.

आम्ही शाळेच्या गाडीतून निघालो. नदीकडच्या रस्त्याला वळलो आणि पुढे कापसाचा ट्रॅक्टर. डुलत डुलत चाललेला, बाजू देईना. सिस्टर घड्याळ बघतायत, ड्रायव्हर हॉर्न मारतोय. पोचलो तेव्हा चांगलाच उशीर झाला होता. शेताच्या तोंडाशी नाना आडवी काठी धरून उभे. मागे सगळे पालक.

"टाईम व्हई गया," नाना म्हणाले. "फाटक बंद."

सिस्टरांनी काठीकडे पाहिलं, मागच्या रस्त्याकडे पाहिलं आणि मग दोन्ही कान पकडले. "सॉरी नाना. ट्रॅक्टर होता." असा हशा उठला की शेजारच्या शेतातली माणसं बांधावर आली.

मग काय विचारता! कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, पालकांनी सोलली, शिक्षकांनी ठेचली. मिरच्या सिस्टरांनी स्वतः निवडल्या आणि नंतर डोळे चोळत बसल्या. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाता खाता ठरलं की खेड्यावरच्या पोरांसाठी फाटक थोडं उशिरा लागेल आणि काळीपिवळी वेळेत सुटेल हे पालक बघतील. नानांच्या मुलाने हे सगळं पाहिलं. हात धुताना म्हणाला, "नाना, शाळा तं भारी शे. राहू दे पोरले आठेच."

नाना जिंकले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, तर ते भलतीकडेच बघत होते. कडुलिंबाच्या सावलीत खुशी आईपुढे बसली होती. आई तिच्या वेण्या सोडून पुन्हा घालत होती, सैल, आणि पोर डोळे मिटून डुलत होती.

"शाळा चांगली शे," नाना म्हणाले. "पन पोरनी माय तठे शे. लई जा तिले."

परीक्षा झाली आणि खुशी सुरतेला गेली.

जूनमध्ये एके दिवशी मधल्या सुट्टीत नाना शिक्षकांच्या खोलीत आले. बसले, पाणी प्यायले. मग माझ्याजवळ खुर्ची ओढून हळूच म्हणाले, "बाई, तठली शाळानी बाईले एक फोन लावा. खुशी एकदम गप बसनी ना, तं तिले बाथरूमले जावानं ऱ्हास. ती सांगस नही, लाजस. आपनच समजी लेवानं."

"सूनबाईंना सांगा ना नाना, त्या सांगतील."

"मी सांगं तं तिले वाईट वाटी. ती म्हनी, मन्हीच पोर माले माहीत नही."

मी नंबर मिळवला, फोन लावला, मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. "अच्छा हुआ बताया," पलीकडची बाई म्हणाली, "मैं खुद पूछ लिया करूँगी." मी ते नानांना सांगितलं.

"ती बाईना आवाज कसा व्हता, बाई? मायाळू व्हता ना?"

"होता नाना," मी म्हटलं. "खूप मायाळू होता."

"मंग ठीक शे," ते म्हणाले, डोक्यावरची टोपी काढली आणि तिच्यात तोंड लपवून कितीतरी वेळ डोळे पुसत राहिले.