वाळू न झडलेल्या पानांची हकिकत

वाग्देवी लिहिणारास बळ देवो आणि वाचणारास धीर देवो. शके सतराशे बारा, साधारण नाम संवत्सरे, एक राज्य होते, त्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही. त्या राज्यी सगुणाबाई म्हणोन कथेकरीण होत्या, आणि शृंगारकथा लिहून राणीवशात पाठवाव्या ही त्यांची चाकरी. रीत ऐसी की, ओल्या शाईवर बारीक वाळू टाकावी, मग सुटी पाने दोन फळ्यांत बांधोन पाठवावी. आणि पान उचलले की वाळू झडे, सबब कोणते पान वाचले, कोणते नाही, हे परतलेली पोथी सोडिताच उमगे. बाईंनी दोन वर्षे खपून तेजाऊची कथा रचिली. तेजाऊ किल्लेदाराची लेक, आणि किल्ल्यास वेढा घालून बसलेल्या सरदारावरच तिचा जीव जडला. पोथी परत आली आणि बाईंनी मोठ्या हौसेने सोडिली, तो शय्यागृहाची पाने हाताळून मऊ जाहलेली, कोठे विड्याचा डाग, कोठे अत्तराचा. आणि वेढ्याची, खलित्यांची, बापलेकीच्या भांडणाची पाने जैशी लिहिली तैशीच, वाळू जागच्या जागी. बाईंस बहुत वाईट वाटले. आपण ताट वाढिले आणि लोक लोणचे चाटून उठले, ऐसे जाहले.

मग कारभारी नारोपंत म्हणाले, "बाई, वेढा हवा कोणास? लोकांस गोडी ज्याची, तेच लिहा." आणि बाईंनी रागे भरोन तैसेच केले. दुसरी पोथी आरंभापासोन शेवटपावेतो शय्यागृह, मध्ये उसंत म्हणोन नाही. ती आठा दिवसांत परतली, आणि सातव्या पानापुढे अवघी वाळू. पंत डोळे वटारून बोलिले, "तिसरी ऐसी आली, तर ही जागा दुसरीस देऊ." मग बाई भीड सोडोन राणीसाहेबांकडे गेल्या आणि विचारत्या जाहल्या, "सरकार, सातव्या पानात काय चुकले?" राणीसाहेब हसोन म्हणाल्या, "चुकले काही नाही. सहाव्यात होते तेच सातव्यात." आणि थांबून म्हणाल्या, "पहिलीचेही सांगतो. तुमची तेजाऊ शय्यागृहात जाते आणि गेली तैशीच बाहेर येते. आत तिचे काही बदलत नाही, मग पुढे वेढा कशास वाचावा?" हे जिव्हारी लागले, आणि खरेही वाटले.

मग बाईंनी तेजाऊस पुन्हा लिहावयास घेतले. ये खेपेस ती सरदाराच्या अंगरख्याचे बंद सोडिते आणि त्याच्या दंडावर वेढ्यात पडलेल्या आपल्या भावाचा ताईत पाहते. ओरडत नाही. ओठ ओठांवर तैसेच, आणि हात ताइतावर, आणि किल्ल्याचा दरवाजा उघडावा की कट्यार काढावी, हे तिने तेथेच, त्याच मिठीत ठरवावे. बाईंनी ते पान एकवीस वेळा लिहिले. शृंगार फार जाहला की कट्यारीचा विसर पडे, आणि कट्यार फार जाहली की अंगावरचा शहारा जाई. एकही शब्द उचलता येईना, तेव्हा वाळू टाकिली आणि पोथी धाडिली.

तीन महिने पोथी आली नाही. आली ती खुद्द राणीसाहेबांच्या हाती, भर दुपारी, बाईंच्या ओसरीवर, आणि मागे पंत. पंतांनी पोथी सोडोन हर्षाने बोट ठेविले, "पाहा! शेवटल्या नऊ पानांवर वाळू!" राणीसाहेब म्हणाल्या, "पंत, आपण बाहेर बसा." आणि पंत गेलियावर त्या बाईंपाशी भुईवर बसल्या आणि हळू बोलिल्या, "आमचे लग्न तहात जाहले, हे तुम्हांस ठाऊक. आमचा भाऊ ज्या लढाईत पडला, त्याच लढाईच्या तहात. बारा वर्षे आम्ही शय्येवर डोळे मिटून घेतो. तेजाऊने उघडे ठेविले, आणि आम्हांस पुढे वाचवेना. तुम्ही वाचा, सगुणाबाई. आम्ही ऐकतो." बाईंनी पान उचलिले, आणि पहिली ओळ वाचिली, आणि राणीसाहेबांनी त्यांचा हात घट्ट धरिला.

सारांश, बाईंची जागा राहिली. ती नऊ पाने राणीसाहेबांनी पुढे कोणास दिली नाहीत. तेजाऊने काय केले, ते त्या दोघींस ठाऊक. पंत बाहेर बसले होते, आणि हे लिहिणाराही बाहेरच होता.