झाकन उघडंच ठेव

धुडकू आप्पा माझ्या स्कॅनरच्या काचेवर मिरच्या ठेवतो आणि माझं डोकं फिरतं.

रनाळ्यात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. लोक दाखले घेऊन येतात. समोर राहणारा हा म्हातारा मात्र वाळकी मिरची, चिंचोका, कापसाचं बोंड असलं काहीबाही घेऊन येतो. काचेवर मांडतो आणि मलाच दटावतो, "झाकन उघडंच ठेव, दाबू नको." झाकण उघडं राहिलं की मागे सगळं काळंकुट्ट येतं आणि मिरचीची सुरकुती न् सुरकुती दिसते. मग पडद्याला नाक लावून, "आखो मोठं कर." दारात गिऱ्हाईक ताटकळतंय आणि मी देठ आणखी मोठं करत बसलोय.

गेल्या महिन्यात तर हद्द झाली. काचेवर राहिलेलं मिरचीचं बी एका मुलीच्या फोटोत नेमकं नाकावर उमटलं. अर्ज परत आला, तिच्या बापानं मला चारचौघांत झाडलं. वर काच पुसलेल्या हातानं मी डोळा चोळला. संध्याकाळपर्यंत आग आग. आप्पाला बजावलं, "पुन्हा काही आणलंत तर गटारात फेकीन."

दुसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन आला. सुमनजिजी उभा जन्म मिरचीची देठं खुडत आली. बोटं इतकी झिजलीत की रेशनच्या मशीनवर अंगठा कधीचा उमटतच नाही. त्या सकाळी रेशनवाला सगळ्या रांगेसमोर हसून म्हणाला होता, "जिजी, तुम्ही पुसल्या गेल्या." तेव्हापासून तिनं हात पदराखालीच लपवले होते.

आप्पाकडून हे ऐकून माझं टाळकं सटकलं. एवढं बोलायला त्या रेशनवाल्याची जीभ रेटली कशी? पण आप्पावरही चिडलोच. "मिरच्यांवर हात बसवत होतात ते यासाठी? अहो, मशीनला असा फोटो चालत नाही."

"मशीनले कसाले? हिले दखाडनं शे," आप्पा म्हणाला. त्याला दाखवायचं होतं ते जिजीलाच.

त्यानं तिचा अंगठा धरून काचेवर अलगद टेकवला. दाबू दिला नाही. मी मोठं करत गेलो. आधी नुसत्या चिरा दिसल्या, मग त्यांच्यामध्ये बारीक, तुटक रेघा वळत गेलेल्या.

जिजी पडद्याकडे वाकली. मग दुसऱ्या हाताचं बोट त्या रेघांकडून स्वतःकडे वळवत तिनं हळूच विचारलं, "ह्या मन्ह्याच शेतस का?"

"हाव," आप्पा म्हणाला, "तुन्ह्याच शेतस." अंगठा त्यानं अजून सोडला नव्हता.