तीनशे अठ्ठ्याहत्तर हरकती

पाठिंब्याचं छापील पत्र शेफालीने टेबलावर ठेवलं आणि उजागरे सरांच्या चेहऱ्यावर परीक्षेत कॉपी पकडल्याचे भाव उमटले.

पत्रात एकच वाक्य होतं. 'भवानी पेठेतील दगडी चर्च ही ऐतिहासिक वास्तू असून तिचा वारसा यादीत समावेश करण्यास माझा पाठिंबा आहे.' खाली नाव, पत्ता, सही. शेफाली आयटीत नोकरीला होती आणि चर्चच्या तरुण संघाचं काम बघायची. अशा पाचशे प्रती काढायच्या, असं तिने ठरवलं होतं.

"सगळ्यांचं उत्तर एकच?" सरांनी विचारलं.

"सर, तेच तर हवंय. लोक नुसती सही करतील. फास्ट होईल."

"मी तेहतीस वर्षं मराठीचे पेपर तपासलेत, बाळ. गाइडमधलं उत्तर मला पहिल्या ओळीत कळायचं आणि दहाव्या पेपरला डोळा लागायचा. तिकडे कार्यालयात बसलेलाही माणूसच असणार. लोकांना आपापल्या शब्दांत लिहू दे."

"सर, पण हे पुणं आहे."

"म्हणूनच. इथे भाषा चांगली आहे."

शेफालीने पुढे वाद घातला नाही. पेठेतल्या निम्म्या लोकांप्रमाणे तीही सरांचीच विद्यार्थिनी होती, आणि सरांनी एकदा 'बाळ' म्हटलं की विषय संपला हे तिला सातवीपासून ठाऊक होतं.

प्रकरण साधं नव्हतं. महापालिकेच्या रस्तारुंदीच्या आराखड्यात चर्चची दर्शनी बाजू, पायऱ्या, पोर्च आणि घंटाघरासकट लाल रेषेच्या आत आली होती. वारसा यादीच्या कच्च्या मसुद्यात चर्चचं नाव होतं. ते पक्क्या यादीत टिकलं तर रेषा सरकणार, नाहीतर घंटाघर जाणार. लोकांनी महिन्याभरात आपलं म्हणणं लेखी कळवायचं होतं. सरांच्या वडिलांनी एकतीस वर्षं ती घंटा वाजवली होती आणि त्यांच्यामागे दर रविवारी सकाळी सर स्वतः वाजवत होते. आपल्या डोळ्यांदेखत घंटाघर पडलं तर वर गेल्यावर बापाला काय तोंड दाखवायचं, या एका विचाराने त्यांची झोप उडाली होती.

फूलस्कॅप कागदांचा गठ्ठा घेऊन सर दारोदार फिरले. नाही म्हणणारा एकही माणूस भेटला नाही. चर्चसमोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे आप्पासाहेब एरवी कुणाला सरळ उत्तर द्यायचे नाहीत. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांचा सगळा वेळ वर्तमानपत्रांना पत्रं लिहिण्यात जाई. तेसुद्धा म्हणाले, "चर्च पाडणार म्हणजे काय? द्या इकडे कागद. एकाने काय होतंय, अजून दोन द्या."

सरांना भरून आलं. गणपती मंडळाच्या हिंमतरावांनी तर कार्यकर्त्यांना रांगेत बसवून लिहून घेतलं. पायऱ्यांवर फुलं विकणाऱ्या हिराबाईंनी तोंडी सांगितलं आणि शेफालीने ते शब्दशः उतरवलं. तीनशे सत्त्याऐंशी कागद जमले. सरांनी त्यातला एकही वाचला नाही. पर्यवेक्षकाने उत्तरपत्रिका वाचायची नसते, हा त्यांचा जन्माचा नियम होता. शेवटच्या दिवशी दुपारी साडेचारला त्यांनी गठ्ठा दोऱ्याने बांधून कार्यालयात दिला, पोच घेतली आणि येताना एस्तेरबाईंसाठी, म्हणजे आपल्या पत्नीसाठी, गजरा आणला. असं सात-आठ वर्षांत घडलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी सरांच्या नावे नोटीस आली. 'आपण दाखल केलेल्या हरकत क्रमांक एक बाबत सुनावणी ठेवण्यात येत आहे.'

"कसली हरकत?" एस्तेरबाईंनी विचारलं.

"टायपिस्टची चूक असेल," सर म्हणाले आणि चप्पल घालून निघाले.

कार्यालयात अस्मिता मॅडम नावाच्या अधिकारी होत्या. त्यांनी फाइल उघडली. "पाठिंबा नऊ. हरकती तीनशे अठ्ठ्याहत्तर. एवढा विरोध असलेली वास्तू माझ्या नोकरीत ही पहिलीच."

"अहो, विरोध कसला? सगळी पाठिंब्याची पत्रं आहेत."

"तक्रार असलेला कागद आमच्याकडे हरकतीत जातो, सर. नियम आहे. हे ऐका." त्यांनी वाचायला सुरुवात केली. "'चर्च ही आमच्या पेठेची शान आहे. फक्त नाताळातली चांदणी मंडळाच्या कमानीपेक्षा मुद्दाम उंच बांधतात, हे शोभत नाही.' सही, हिंमतराव. दुसरं. 'तिसरी पायरी कलती हाय, टोपली घसरती.' हिराबाई. हे आप्पासाहेबांचं, तीन पानी. रविवारची घंटा सातच्या ऐवजी सात वाजून चार मिनिटांनी वाजते. सहा वर्षांच्या तारखा दिल्यात."

सरांचा हात गुडघ्यावर गेला. घंटाघराच्या जिन्यात त्यांचा गुडघा चार मिनिटं घेत असे. ही गोष्ट त्यांनी डॉक्टरांनाही सांगितली नव्हती.

"आणि हे कुणा एस्तेरबाईंचं. 'चर्च जरूर राहावे. मात्र माझे यजमान घरी कमी आणि तिथेच जास्त असतात.'"

"ते राहू द्या. मी हरकत क्रमांक एक कसा?"

"आपलं पत्र चार पानांचं आहे. साडेतीन पानं छपराच्या गळतीवर आहेत. 2011 पासून कुणाकुणाला कळवलं, ते जावक क्रमांकासह."

सरांनी खिशातून रुमाल काढला. "मागे घेता येतील का?"

"ज्याची हरकत त्याने लिहून दिलं तर. पुढच्या मंगळवारी सुनावणी आहे, तोपर्यंत. नाहीतर समितीसमोर हाच आकडा जाणार. एवढ्या विरोधापुढे समिती वास्तू वगळते, हे तुम्हाला सांगून ठेवते."

सर पुन्हा दारोदार फिरले. या वेळी त्यांच्या हातात माघारीचे अर्ज होते आणि तेही शेफालीकडून छापून घेतलेले. एकाच मजकुराचे होते, पण सरांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

"मागे घेऊ?" आप्पासाहेब म्हणाले. "का? घंटा वेळेवर वाजायला लागली का?"

"तसं नाही, पण चर्च वाचवायचं आहे."

"वाचवा की. मी कधी नको म्हटलं? पण खरी तक्रार मागे घ्यायची म्हणजे मी खोटं लिहिलं असं होईल. सहा वर्षांच्या नोंदी आहेत माझ्याकडे."

हिंमतराव म्हणाले, "सर, तुमच्यासाठी जीव देतो. चांदणीचं तेवढं सोडून बोला." घरी एस्तेरबाईंनी अर्ज वाचला, घडी घातली आणि डाळीच्या डब्याखाली ठेवला. चार दिवसांत एकही सही मिळाली नाही. सगळी पेठ चर्चच्या बाजूने होती आणि त्याच पेठेच्या हस्ताक्षरात चर्चचा निकाल लागणार होता. शेफालीचं पत्र सरांना रोज आठवायचं. ती मात्र 'मी सांगितलं होतं' असं एकदाही म्हणाली नाही, आणि त्याचाच त्यांना जास्त त्रास झाला.

तीनशे अठ्ठ्याहत्तर माणसं कार्यालयात मावणार नव्हती, म्हणून सुनावणी चर्चमध्येच ठेवली. मंगळवारी दहाच्या आत सगळे बाक भरले. जन्म समोरच्या गल्लीत गेला तरी आत कधी पाऊल न टाकलेले लोक वर छताकडे बघत बसले होते. एवढी गर्दी नाताळालाही होत नाही, असं चर्चचे धर्मगुरू, पाळक साहेब, दोनदा म्हणाले. वेदीच्या बाजूला टेबल टाकून अस्मिता मॅडम बसल्या आणि त्यांनी आप्पासाहेबांना पुकारलं.

"आपल्याला ही वास्तू यादीत नको आहे?"

"असं मी कुठे लिहिलंय?"

"घंटा उशिरा वाजते, असं लिहिलंय."

"वाजतेच. आणि ती वेळेवर वाजवून घ्यायची तर घंटाघर उभं नको? ते पाडल्यावर मी तक्रार कुणाची करू, सिग्नलची?"

बाकांवर हशा पिकला. मॅडमनी तो थांबू दिला आणि लिहून घेतलं. मग हिराबाई आल्या. "पायऱ्याच ऱ्हायल्या न्हाईत तर टोपली कुठं ठिवू? दोन झ्याक हायेत. तिसरी तेवढी बघा." हिंमतराव म्हणाले की चांदणी खाली घ्यावी, पण घ्यायला चर्च पाहिजे, आणि चर्चला कुणी हात लावला तर मंडळ रस्त्यावर बसेल. एस्तेरबाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हे पडलं तर हा माणूस चोवीस तास घरी असेल. ते मला परवडणार नाही." दुपारपर्यंत मॅडमचं पेन एकच वाक्य लिहीत होतं: हरकतदारास वास्तू आहे तिथे हवी आहे.

क्रमांक एक असूनही स्वतःहून शेवटी थांबलेल्या सरांचा नंबर आला. ते उठले आणि त्यांनी भरलेल्या बाकांकडे पाहिलं. आपल्या वडिलांनी एवढी माणसं इथे कधी पाहिली नसतील, एवढंच त्यांच्या मनात आलं.

"चर्च राहावं, एवढीच माझी विनंती आहे," ते म्हणाले. "गळतीबद्दलचं म्हणणं मात्र कायम आहे."

महिन्याभरात आदेश आला. दगडी चर्च पक्क्या यादीत आलं, लाल रेषा पलीकडे सरकली. शेफालीने आदेश मोठ्याने वाचून दाखवला आणि सर तिच्यासमोर, आपल्या विद्यार्थिनीसमोर, सरळ रडले. त्यांना त्याची लाज वाटली नाही.

पुढच्या रविवारी ते घरातून दहा मिनिटं लवकर निघाले. जिन्यात दोनदा टेकले, गुडघा चोळला आणि बरोबर सातच्या ठोक्याला दोर ओढला. आप्पासाहेबांचं ऋण फेडायचा त्यांना दुसरा मार्ग सुचला नव्हता. लंगडत खाली आले तेव्हा आप्पासाहेब पोर्चमध्ये उभे होते. अंगावर बनियन आणि हातात आदेशाची नक्कल होती.

"आज घंटा सातला वाजली," ते म्हणाले.

"हो. मुद्दाम. तुमच्यासाठी."

"पान दोन, कलम चार वाचलंत? 'वास्तू आहे त्या स्थितीत जतन करावी. पूर्वपरवानगीशिवाय कोणताही बदल करू नये.' तुम्ही परवानगी घेतली होतीत?"

"नाही," सर म्हणाले.

"मग पुढच्या रविवारपासून सात वाजून चार मिनिटं," आप्पासाहेब म्हणाले. नकलेची घडी घालून ते सरांच्या गुडघ्याकडे बघत राहिले. "आणि जिना सावकाश चढत चला. कुणी मागे लागलेलं नाही."