हालू नगा!

शलमोनआप्पा भेटले की आधी म्हणत, “हालू नगा!” नमस्कार मागाहून. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेनं एक बॉक्स कॅमेरा घेतला, आणि दौंडात त्यांच्या तावडीतून माणूस, म्हैस, बोकड कुणी सुटलं नाही. बोकड हलला तर ते त्यालाच रागावत, “तुज्यामुळं फोटू बिघडला!”

मी त्यांचा शेजारी. पुढे शिरूरच्या शाळेत शास्त्र शिकवायला गेलो, तेव्हा वाटलं, सुटलो. पण एका दुपारी आप्पा एस.टी.नं घामाघूम होऊन दारात हजर! खिशातून जपून फोटो काढला.

“मास्तर, ही माशी कंची?”

फोटोत भिंत, भिंतीवर मातीचं चिमुकलं गाडगं आणि त्यावर नुसता काळा फराटा.

“हालली,” आप्पा म्हणाले. “किती सांगितलं तिला!”

“अहो, बाटलीत घालून आणायची!”

“तिचं काम अर्धं हाय. कोंडायची कशी?”

मग उलगडा झाला. त्यांची लेक रूथ बाळंतपणाला आली होती, आणि गाडगं तिच्या खाटेच्या वर होतं. कुंभारीण माशी जिथं मातीचं घर बांधते तिथं पाळणा हलतो, असं शेजारणी म्हणत होत्या.

“आपन ख्रिस्ती मानसं, शकुन मानत न्हाई,” आप्पा म्हणाले. “गांधीलमाशी असली तर पोरीला चावंल. पाडून टाकतो. पर कुंभारीण असली तर...”

रूथची आधीची दोन्ही बाळं जन्मली तीच निपचित.

त्या फराट्यावरून माशी काय ओळखणार, कपाळ! पण गाडगं हललं नव्हतं. बारीक मान, बाहेर वळलेला काठ, अगदी कुंभाराच्या हातचं. असं घर गांधीलमाशी बांधत नाही.

“कुंभारीणच. ती उगाच चावत नाही. राहू द्या घर.”

“शास्त्रात हाय ह्ये?”

“शास्त्रात आहे.”

आप्पा चहालासुद्धा थांबले नाहीत.

काही महिन्यांनी ते पुन्हा आले. नवा फोटो. खाट स्वच्छ, गोधडीचा टाका न् टाका स्वच्छ, आणि मधोमध पांढरा फराटा.

“आता ही कुठली माशी, आप्पा?”

“नातू हाय,” आप्पा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. “सारखा हालतुया, मास्तर. म्या त्याला हालू नगं म्हनलोच न्हाई.”