काळा बैल आणि बुडते जहाज

आमच्या देवघरातील घंटा रविवारी सकाळी आपोआप वाजू लागली, तेव्हा मी देवांना गंध लावीत होतो. माझे दोन्ही हात गुंतलेले, खिडक्या बंद, वाऱ्याची झुळूकही नाही, आणि घंटा मात्र किणकिणत होती. आमच्या सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातूनच हात जोडले. "अहो, जागृत स्थान आहे हो आपलं," त्या गहिवरून म्हणाल्या.

आमचे स्थान म्हणजे पुनावळ्यातील एका सोसायटीचा सातवा मजला. बांधकाम व्यावसायिकाने जाहिरातीत पुष्कळ गोष्टींचे आश्वासन दिले होते. परंतु हे त्यात नव्हते. म्हणून या जागृतीचे कारण भिंतीपलीकडे शोधावे असे मला वाटले, आणि ते तेथेच सापडले. त्याचे नाव किसनराव ढमाले.

दार उघडेच होते. आत सहा-सात वर्षांच्या मुलाएवढ्या उंचीचे दोन स्पीकर, आणि त्यांच्यामधून येणारा जो नाद, त्याचे वर्णन करण्यास माझा शब्दसंग्रह अपुरा आहे. किसनराव डोळे मिटून, आमच्या सामाईक भिंतीवर उजवा तळहात टेकवून, एखाद्या आजारी माणसाची नाडी पाहावी तसे उभे होते.

"या गुरुजी," डोळे न उघडताच ते म्हणाले, "गिटारचा सोलो सुरू हाय. बसा."

"मी जरा तक्रार घेऊन आलो होतो."

"आदी ऐका, मंग तक्रार करा. माल न बघता रिजेक्ट करू नये मानसानं."

हा मुद्दा न्यायाचा होता, म्हणून मी बसलो. अर्थ कळत नसताना आदराने ऐकण्याचा मला बालपणापासून सराव आहे. पाठशाळेत पहिली काही वर्षे आम्ही तेच करीत होतो. गाणे संपल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि माझे मत विचारले. गायकाला कोणी फार दुखावले आहे काय, असे मी काळजीने विचारले.

"दुखावलं न्हाई, गुरुजी," ते प्रसन्न होऊन म्हणाले, "लोखंड गरम हाय!"

हे त्यांचे सर्वोच्च प्रशस्तिपत्र. किसनरावांचे सारे आयुष्य चाकणच्या एका कारखान्यात हॅमरवर, म्हणजे लाल झालेल्या लोखंडावर यांत्रिक घण पाडून त्याला आकार देण्यात गेलेले. भिंतीला तळहात लावण्याची सवय तेथलीच. घण बरोबर बसला की नाही, हे जमिनीच्या थरथरीवरून कळते म्हणे. त्यामुळे त्यांची संगीतसमीक्षाही भट्टीतूनच निघते. एखादी ध्वनिफीत आवडली तर लोखंड गरम. नावडली तर, "तापवायच्या आदीच ठोकायला लागले." आणि फारच गोड वाटली तर, "ही नुसती पॉलिश हाय, गुरुजी. खाली पत्रा."

इंग्रजी त्यांना वाचता येत नाही आणि त्यावाचून त्यांचे काही अडलेलेही नाही. प्रत्येक ध्वनिफितीला त्यांनी मुखपृष्ठावरील चित्रावरून नाव दिले आहे: काळा बैल, दोन कावळे, हाडाचा हात, जळकी बाज. "'दोन कावळ्यां'ची पयली बाजू ऐकाच तुमी," ते सांगतात. "दुसरी ऐकू नका. दुसऱ्या बाजूला त्या ड्रमवाल्याचं लगीन ठरलं असनार. सारखा घड्याळ बघत वाजवतो."

सोसायटीचे सचिव एकदा समजूत घालण्यास आले. "काका, तुमचं हे मेटल म्युझिक ऐका, पण जरा हळू आवाजात ऐका ना."

"हळू लावलं तर त्यो मेटल कसला राव? भांड्याचं कपाट झालं!"

माझ्याशी मात्र त्यांनी सलोखा केला. "तुमची आरती झाली की भिंतीवर दोन थापा मारा. त्याच्या आदी आमचा बैल सुटनार न्हाई." हा शब्द त्यांनी कधीही मोडला नाही. आमची घंटा वाजत राहिली, पण आरतीनंतर. सौभाग्यवतींनी तिला उत्तरपूजा मानले.

पुढे मला कळले, की भिंतीपलीकडे रविवारी दोन आवाज असतात. दुसरा आवाज मोहन परबांचा. परब मूळचे कोकणातले, किसनरावांचे हॅमरवरचे जोडीदार. तरुणपणी दोघे देहूरोडच्या जुन्या बाजारात पातेले घ्यायला गेले होते. बदली झालेल्या कोण्या लष्करी साहेबाचे सामान विकायला आले होते. पातेले राहिले आणि गोणीभर कॅसेटी घरी आल्या. त्या गोणीतून 'काळा बैल' निघाला, तो किसनरावांचा झाला. आणि 'बुडते जहाज' निघाले, ते परबांचे. यांपैकी श्रेष्ठ कोणते, हा वाद त्या दिवशी सुरू झाला आणि दोघे निवृत्त झाले तरी तो चालूच होता. दर रविवारी परब पिंपरीहून बसने खास भांडायला येत.

"तुज्या बैलाक नुसतो माज आसा," परब म्हणत.

"आन् तुज्या जहाजाला? अर्धा तास झाला, अजून बुडंना!"

शास्त्रचर्चेत अनेक वर्षे घालवलेला मी. पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष इतक्या निष्ठेने मांडणारे वादी मला विद्वत्सभांतही क्वचितच भेटले. सौभाग्यवती पोह्यांची बशी पाठवीत आणि मी बैल-जहाजाचा त्या दिवशीचा निकाल विचारून घेई. निकाल कधीच लागत नसे. तोच त्यातला आनंद होता.

गेल्या हिवाळ्यात परबांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला; वाचा गेली. समजते सगळे, पण जीभ हलत नाही. बोलण्याची इच्छा टिकली पाहिजे, त्यांना बोलते करीत राहा, असे डॉक्टरांनी घरच्यांना बजावले होते. तेव्हापासून किसनराव दर रविवारी पिंपरीला जाऊ लागले. त्यांचे स्पीकर मुके झाले. आमच्या घंटेचा नादही थांबला.

"देव रुसले का हो?" सौभाग्यवतींनी एकदा विचारले. त्यांना कारण ठाऊक होते.

एका सकाळी किसनराव आमच्याकडे आले आणि देवघरासमोर मांडी घालून बसले.

"गुरुजी, मी हारलो म्हनून सांगितलं त्याला."

"कोणती हार?"

"त्याच्या उशाशी दर टायमाला जहाज लावतो. म्हनतो, परब्या, तुजंच खरं. जहाजच एक नंबर, बैल काय न्हाई. येवढं मोठ्या मनानं बोलतो, तरी त्यो भिंतीकडं तोंड करून पडतो. वैनी म्हनत्यात, आता बोलायचा परयत्नसुदिक करत न्हाई. कुटं चुकतंय?"

मी थोडा विचार केला. "किसनराव, तुम्ही मान्य केल्यावर त्यांनी बोलावे तरी काय? वाद तुम्हीच संपवलात. समोर पूर्वपक्ष उभा नसेल, तर उत्तराला जन्म कसा मिळणार?"

"म्हंजे आजारी मानसाशी भांडू?"

"आजारी माणसाशी नव्हे. परबांशी भांडा."

ते गुडघ्यावर हात टेकून उठले. मग म्हणाले, "चला मंग तुमी बी. एकट्याला माजी जीभ उचलनार न्हाई."

पिंपरीत बाजारामागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर परबांचे घर. खाली भाजीवाल्यांचा पुकारा, वर ही शांतता. परब खाटेवर उशीला टेकून होते. उजवा हात निर्जीवपणे मांडीवर पडलेला. परबवहिनींनी आम्हांला पाणी दिले. किसनरावांनी छोटा टेपरेकॉर्डर स्टुलावर ठेवला आणि जहाज लावले. मंद, लांबलचक सूर सुरू झाले, त्यांमागे पाण्याचा आवाज. परबांनी सवयीने मान भिंतीकडे वळवली.

किसनरावांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली.

"परब्या," त्यांनी घसा साफ केला, "इतके दिस तुजं मन राखलं. आज गुरुजींच्या समोर खरं सांगतो. हे जहाज म्हंजे भंगार हाय."

परबांची मान इकडे वळली नाही, पण उशीवरून किंचित उचलली गेली.

"अरं, ह्याला काय गानं म्हनत्यात व्हय? लोखंड गार. भट्टी बंद. ह्यो गिटारवाला वाजवतोय का तारा पुसतोय?"

परब सावकाश इकडे वळले. डोळे मोठे झाले होते.

"भावजी!" परबवहिनी पुढे आल्या. "आजारी माणसाक कित्याक छळतास?"

"थांबा वैनी, आज बोलू द्या. गोनीतून निगालं तवाच भंगारवाल्याला परत द्यायला पायजे हुतं. आन् कोकनातला म्हनवतोस तू! कान हायेत का? ऐक, ऐक ते पानी! ह्यो समुद्र हाय? अरं, ही सोसायटीची टाकी भरतीय!"

परबांच्या डाव्या हाताने चादर मुठीत धरली. मान ताठ झाली, चेहरा लाल झाला, ओठ वेडेवाकडे हलले. मी मनातल्या मनात देवाला हाक मारली. ही युक्ती माझी होती.

"टाकी!" किसनराव ओरडले. "सिंटेक्सची!"

"ना..." परबांच्या घशातून आले. "नाय!"

परबवहिनींच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"काय नाय? ऐकू न्हाई आलं."

"नाय! नाय!"

"बरं, टाकी न्हाई," किसनराव म्हणाले. "मंग इहीर आसंल." आणि ते घाईने टेपरेकॉर्डरकडे वळून, त्यात काही अडकले असल्यासारखे, पाठमोरेच खटपट करीत राहिले. त्यात काहीही अडकले नव्हते. जहाज व्यवस्थित चालले होते.

परतीच्या बसमध्ये त्यांनी खिडकीची जागा घेतली. डांगे चौक आला तसे एकदम म्हणाले, "गुरुजी, एक सांगू? कुनाला बोलू नका."

"बोला."

"दर आयतवारी त्याच्या उशाशी बसून ऐकलं ना मी, तवा कळलं. जहाज लई भारी हाय. शेवटाला ते जे बुडतंय ना..." त्यांनी तळहात बसच्या पत्र्यावर टेकवला आणि उचलला. "पन त्याला आता सांगता यायचं न्हाई. त्याचं वाक्य पुरं हुईस्तवर तरी न्हाई."

परबांचे शब्द आता दोन-तीनांनी वाढले आहेत. त्यांतला एक शिवीसदृश आहे, तो मी येथे देत नाही. किसनराव दर रविवारी दुपारी नवा दोष शोधून पिंपरीला जातात आणि तिकडून विलक्षण समाधानाने, पराभूत होऊन परततात.

सकाळी मात्र मी आरती आटोपून भिंतीवर दोन थापा मारतो. पलीकडे आवाज अगदी लहान केलेला असतो, सचिवांनाही संतोष वाटावा इतका. बैल नसतो तो. घंटेला तो नाद पोहोचत नाही. ती स्तब्धच राहते. म्हणून मी निरांजन खाली ठेवतो, आणि माझा तळहात भिंतीवर टेकवून जहाज बुडेपर्यंत उभा राहतो.