एंटर खिशात ठेवणारे होडेकर सर

होडेकर सरांच्या शर्टाच्या खिशात तीन वस्तू असतात: पेन, चष्म्याची डबी आणि कीबोर्डवरून उपटलेलं एंटरचं बटण. रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजात मी शिकवायला लागले त्या दिवशी मला वाटलं, निघालं असेल, दुरुस्तीला नेत असतील. पण दुसऱ्या दिवशी शर्ट बदलला, तरी बटण खिशात होतंच. शेवटी विचारलं.

"अहो बाई, ज्याची गरज नाही ते कीबोर्डवर कशाला?" सर म्हणाले. "एक बटण, एक काम!"

कुठल्या कीबोर्डचं, ते मात्र सांगितलं नाही. मीही चौकस. लॅबमधले सगळे कीबोर्ड तपासले. सगळे शाबूत होते.

"एक बटण, एक काम" हे सरांचं ब्रीद. एकदा सांगितलेली गोष्ट कोणी पुन्हा विचारली की त्यांचं डोकं फिरतं. "चहा घेणार?" "हो." "नक्की ना?" झालं, त्या दिवशी सर चहा घेत नाहीत. "एकदा सांगितलं ना? आता वर एंटर कशाला?" बंदरावर एका मासेवालीने "बांगडेच ना?" असं विचारलं, तर सर रिकामी पिशवी घेऊन परत फिरले. दुसऱ्या दिवशी मोठ्या अभिमानाने सांगत होते की काल डाळभातच खाल्ला.

त्यांची दुसरी खोड म्हणजे ते लॅबमध्ये कधी बसत नाहीत. खुर्चीत त्यांची पिशवी बसते, सर उभे. बसा म्हटलं की, "सवय नाही राहिली."

विद्यार्थ्यांना ते सी भाषा शिकवतात. त्यात 'गेच' नावाचं एक फंक्शन आहे, त्यावर सरांचा फार जीव. बटण दाबलं की प्रोग्रामला तत्क्षणी कळतं, एंटरची वाट पाहायची नाही. त्याचा धाकटा भाऊ 'केबीहिट'. तो प्रोग्राम न थांबवता नुसता डोकावून सांगतो, कोणी बटण दाबलंय का. हे दोघे भाऊ विंडोजवर सुखाने नांदतात.

यंदा दिवाळीनंतर सरांच्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरने मान टाकली. दुरुस्तीवाल्याने तो चालू करून दिला, पण त्यावर लिनक्स घालून. सर दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये आले ते युद्धाला निघाल्यासारखे.

"माझा एक प्रोग्राम आहे, घरचा. तो चालला पाहिजे."

"कसला प्रोग्राम?"

"चालला की दाखवतो."

आमच्या लॅबमध्ये एका मशीनवर लिनक्स आहे. तिथे सरांनी प्रोग्राम घातला आणि पहिल्याच ओळीवर उत्तर आलं की गेच आणि केबीहिट जिच्यात राहतात ती फाईलच इथे नाही. दोघेही भाऊ गायब. एका विद्यार्थ्याने सल्ला दिला, "सर, दुसरं फंक्शन वापरा. फक्त शेवटी एंटर मारायचं."

"एंटर मारायचं असतं तर चार वर्षं हे खिशात घेऊन फिरलो असतो का?" सर गरजले. तो विद्यार्थी आठवडाभर मागच्या रांगेत बसत होता.

मग सरांनी लिनक्सला वळण लावायला घेतलं. त्याला सांगावं लागतं की बाबा, एंटरची वाट पाहू नकोस आणि दाबलेलं अक्षर पडद्यावर उमटवू नकोस. सरांनी सांगितलं, त्याने ऐकलं. फक्त काम झाल्यावर "आता पूर्ववत हो" म्हणायला सर विसरले आणि घरी गेले. त्याच मशीनवर नंतर मी बसले. मी टाईप करतेय आणि पडद्यावर काहीच नाही! मी कीबोर्ड बदलला. तोही मुका. तिसरा लावला. आमचा शिपाई शांताराम हात जोडून म्हणाला, "बाई, आता कीबोर्ड नाय ओ शिल्लक. पाटी आणू?"

पुढचं भांडण बाणाच्या बटणाशी. सरांच्या प्रोग्राममध्ये यादी खालीवर करायला बाण होते. लिनक्सवर एक बाण दाबला की तीन अक्षरं येतात आणि त्यातलं पहिलं एस्केपचं. एस्केप आलं की प्रोग्राम मुकाट बंद. "एका बाणामागे तिघांची वरात!" सर पिशवीशीच बोलत होते. "आणि पुढारी कोण, तर पळपुटा!" पण त्यांनी तेही जमवलं. एस्केप आलं की क्षणभर थांबायचं, मागून वरात येतेय का बघायचं, आणि मगच ठरवायचं.

एका शनिवारी दुपारी सर म्हणाले, "चला बाई, घरी. चालला."

रिक्षाने त्यांच्या मोहल्ल्यात गेलो. खिडकीशी पलंग, पलंगावर सरांच्या पत्नी, रुकय्याभाभी. चार वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला हे मला माहीत होतं. विचारलं की सर "बरी आहे" एवढंच म्हणत, आणि मी तेवढ्यावर समाधान मानत असे. त्याची मला त्या क्षणी लाज वाटली. भाभींची वाचा गेली होती. डाव्या हाताचं एक बोट तेवढं हलत होतं. त्या बोटाखाली कीबोर्ड होता आणि त्यावर एंटरच्या जागी भोक.

"शब्दांवरून उजेड फिरत राहतो," सर म्हणाले. "हव्या त्या शब्दावर आला की तिने स्पेसबार दाबायचा. बाण माझ्यासाठी, यादी लावायला. वर एंटर मागितलं, तर दुसरं बोट आणायचं कुठून?" मग हळूच म्हणाले, "अकरा दिवस ती काही बोलली नाही हो, बाई."

सरांनी प्रोग्राम सुरू केला. "बघ गो, चालला."

पडद्यावर मोठी अक्षरं आली आणि उजेड फिरू लागला. पाणी. चहा. पंखा. कूस. दुखतंय. भाभींनी सगळे शब्द जाऊ दिले. शेवटच्या शब्दावर बोट हललं आणि तो शब्द पडदाभर झाला: बसा.

सरांच्या तोंडून निघून गेलं, "नक्की ना गो?"

भाभींनी त्यांच्याकडे पाहिलं. उजेड पुन्हा पहिल्यापासून निघाला. पाणी, चहा, पंखा, कूस, दुखतंय. त्या थांबल्या, आणि पुन्हा तेच दाबलं.

सर पलंगाच्या कडेवर बसले. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.