दात आढळून आले नाहीत

गरज कुणालाही पडू शकते, पण ती सिद्ध करायला अंगात दम लागतो. आणि ज्याच्या अंगात एवढा दम आहे तो मुळात गरजू कसा, या प्रश्नाचा खोलात जाऊन अभ्यास करणाऱ्या संस्था फार थोड्या. त्यांत 'आकस्मिक व प्रदीर्घ अडचणग्रस्त साहाय्य निधी' सगळ्यात जुना. यंदा त्याला एकशे एकतीस वर्षं झाली.

निधीचे संस्थापक छत्र्यांचे व्यापारी होते. त्यांच्या मृत्युपत्रात एकच ओळ होती: 'योग्य गरजूस, योग्य वेळी, योग्य तेवढे द्यावे.' एवढं लिहून ते गेले. 'योग्य' म्हणजे काय हे ठरवायला नेमलेली उपसमिती अजून कामात आहे. तोवर निधीला उगीच कुणाचा हात लागू नये, हे बाकीची समिती बघते.

कामाचा उरक मात्र दांडगा. गेल्या वर्षी चारशे बारा अर्ज आले. दोनशे अठ्ठ्याऐंशी अपुरे निघाले. एकाहत्तर पुरे होते, पण पुरे होईपर्यंत मुदत संपली. एकोणचाळीस पुरे आणि वेळेत होते, पण इतका नेटका अर्ज करू शकणारा माणूस अडचणीत असेल हे समितीला पटलं नाही. नऊ अर्जदार वाट पाहता पाहता वारले (याची नोंद 'प्रश्न मार्गी लागले' या रकान्यात होते). उरले पाच. त्यांना मदत मिळाली, आणि त्यांचे फोटो जिन्यात लावले आहेत. पाचांपैकी एकही हसत नाही, कारण अर्जावरच्या सूचनेत लिहिलंय: 'छायाचित्रात चेहरा स्पष्ट असावा, प्रसन्न नसावा.'

या जिन्यातून एका सोमवारी बस स्टँडवरची अनाउन्सरबाई तोंडावर रुमाल धरून वर गेली. त्या दिवशी ती रिक्षाने आली होती.

बाई चोपन्न वर्षांची. बावीस वर्षं ती काचेच्या खोलीत माइकसमोर बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते सांगत होती. तिचा आवाज असा खणखणीत, की काही ड्रायव्हर घड्याळ न बघता तिच्या घोषणेवर गाडी सुरू करत. तीन आठवड्यांपूर्वी स्टँडच्या ओल्या पायरीवरून ती घसरली आणि वरचे पुढचे चार दात गेले. उरलेल्यांचा डॉक्टरांना भरवसा वाटेना, म्हणून त्यांनी तेही काढले आणि वरची पूर्ण कवळी बसवायला सांगितली. कवळीचा आकडा ऐकून बाईने उघडं तोंड मिटलं आणि ती घरी आली. दुसऱ्या दिवशी तिने माइक सुरू केला, तर घोषणेऐवजी शिट्टी वाजली. तीन नंबरच्या फलाटावर बाकाखाली झोपलेला म्हातारा कुत्रा उठून उभा राहिला.

स्टँडचे कंट्रोलर तसे चांगले गृहस्थ. "बाई, तुमच्याबद्दल मला आदर आहे," ते म्हणाले. "पण एक तारखेपासून वरून रेकॉर्डिंग येतंय. तोवर दात बसवलेत तर मी तुमच्यासाठी भांडतो. नाही बसवलेत, तर मी कुठल्या तोंडाने भांडू?"

निधीचा जिना चढली त्या सोमवारी एक तारखेला सव्वीस दिवस उरले होते. घरात कमावणारी बाई एकटीच. नवरा सहा वर्षांपूर्वी गेला. घरात ती आणि तिची मोठी नणंद, शाळेतली आयाची नोकरी संपवून गुडघे घेऊन बसलेली. नोकरी गेली तर खोलीचं भाडं कुठून भरायचं, हा विचार दोघी आपापल्या अंथरुणात वेगवेगळा करत आणि सकाळी एकमेकींना सांगत नसत.

निधीच्या खिडकीत कारकून होता. त्याने बाईकडे पाहिलं, रुमाल खाली करायला लावला आणि हळहळला. "दात नाहीत हे दिसतंय हो मला. पण दिसणं म्हणजे पुरावा नव्हे."

अर्ज अकरा पानी होता. दोन प्रतिष्ठित व्यक्तींचं पत्र हवं होतं; त्या अर्जदाराला पाच वर्षं ओळखत असाव्यात, अर्जदाराची अडचण त्यांना ठाऊक असावी, आणि तरीही त्यांनी मदत केलेली नसावी. (अशी माणसं बाईला सहज मिळाली. अकरा जण तयार झाले.) पान सातवर प्रश्न होता: 'अडचण किती काळापासून आहे? सहा महिन्यांहून कमी असल्यास थांबावे. दोन वर्षांहून अधिक असल्यास सवय झाली असे धरण्यात येईल.'

बाईने तीन बोटं वर केली. "आठवडे."

"अरेरे," कारकून म्हणाला. मग खिडकीतून वाकून हळूच विचारलं, "पहिला दात हलायला कधी लागला होता?"

"गेल्या वर्षी."

"मग तिथपासूनच धरू की!" अशी माणसं असतात म्हणूनच जुन्या संस्था टिकतात.

राहिला दाखला. दातांचे डॉक्टर म्हणाले, "तोंडात जे आहे त्याचा दाखला मी देतो. जे नाही त्याचा कसा देऊ?" बाई दोन दिवस त्यांच्या बाकावर बसून राहिली. शेवटी त्यांनी लिहून दिलं: 'तपासणीच्या वेळी वरचे दात आढळून आले नाहीत.' पुढे कधी आढळलेच तर आपल्यावर येऊ नये म्हणून खाली तारीख आणि वेळही घातली.

अर्ज पुरा झाला. वेळेत गेला. आठ दिवसांनी निधीचं पत्र आलं: 'समितीचे सदस्य आपल्या घरी अचानक भेट देतील. मंगळवारी दुपारी चार वाजता.'

पत्र वाचून नणंद गुडघे विसरून उभी राहिली. समितीची माणसं अडचण बघायला येतायत, हे तिच्या डोक्यात शिरलंच नाही. माणसं घरी येतायत, एवढं शिरलं. आणि घरी माणसं येणार म्हटल्यावर जे करायचं असतं ते तिने केलं. डावीकडच्या शेजारणीकडून पडदा आणला. उजवीकडून दोन गादीच्या खुर्च्या आल्या. खालच्या मजल्यावरून बशांसकट सहा कप आले, वरून टेबलफॅन आला. कुणी नाही म्हटलं नाही. उलट दुपारपर्यंत इतक्या वस्तू जमल्या, की जागेअभावी घरातल्याच काही शेजारी नेऊन ठेवाव्या लागल्या.

"ताई, पण ते अडचण बघायला येतायत ना?" बाईने शिट्टीतून विचारलं.

"म्हणून काय आपली लाज दाखवायची त्यांना? आणि हे बघ, तू बोळक्या तोंडाने दार उघडायचं नाहीस. माझ्या भावाचं घर आहे हे."

कवळी समोरच्या घरातल्या आजींची आली. आजी चौऱ्याऐंशी वर्षांच्या. त्यांनी स्वतः ती कोमट पाण्यात धुतली, स्वच्छ फडक्यात गुंडाळली आणि म्हणाल्या, "सहापर्यंत दे हं परत, मला जेवायचंय." बाईने तोंडात घातली. जराशी सैल होती, मागे टोचत होती. पण तिने आरशासमोर सवयीने एक घोषणा केली, आणि फलाट क्रमांक खणखणीत बाहेर पडला. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. पाच आठवड्यांनी तिला स्वतःचा आवाज भेटत होता.

चार वाजता समिती अचानक आली. एक निवृत्त मुख्याध्यापक आणि गळ्यात चष्मा अडकवलेल्या एक बाई. दोघांना घर फार आवडलं. त्यांनी पंख्याखाली चहा घेतला, पडद्याच्या कापडाचं कौतुक केलं. मुख्याध्यापकांनी अर्ज उघडला.

"हं. तर आपली मागणी काय आहे?"

"दात," बाई म्हणाली. इतक्या शुद्ध आणि स्पष्ट उच्चारात, की दोघांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि बघतच राहिले.

मग बाईच्या लक्षात आलं. तिने घाईघाईने कवळी काढून बशीत ठेवली आणि सगळं शिट्टीत समजावून सांगितलं. पडदा डावीकडचा, खुर्च्या उजवीकडच्या, दात समोरचे. नणंद मध्ये मध्ये "खोटं नाही हो, घर असं नसतं एरवी" म्हणत होती. चष्म्याच्या बाईंनी रुमाल नाकाला लावला. मुख्याध्यापक शांतपणे लिहीत राहिले. माणूस सज्जन होता. सगळं लिहून घेत होता.

उत्तर चार दिवसांत आलं. निधीच्या इतिहासात इतकं लवकर उत्तर कुणालाही गेलेलं नाही.

'आपल्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात आला. (१) आपणास परिसराचा भरघोस आधार असल्याचे आढळले. (२) नणंदेच्या कानात पिवळ्या धातूचे कानातले आढळले. (३) दात आढळले. सदर दात आपणास आवश्यक तेव्हा उपलब्ध होत असल्याने मूळ मालकिणीशी वेळापत्रक ठरवून घ्यावे, ही विनंती. मदत देण्याचे प्रयोजन दिसत नाही.'

बाईने पत्र दारातच उभ्याने वाचलं. तिला भयंकर राग आला. ती तावातावाने बोलायला गेली आणि शिट्टी अशी लांबलचक वाजली, की नणंदेला हसू फुटलं, मग तिलाही. दोघी खो खो हसल्या. हसता हसता बाई मटकन खाली बसली आणि रडली. नणंद कानातले काढायला लागली, ते निघेनात; पितळेचे होते, कानात पक्के बसले होते.

समोरच्या आजींनी हे सगळं ऐकलं. तीस तारखेला सकाळी त्या फडकं घेऊन आल्या.

"हे घे. राहू दे तुझ्याकडेच."

"आजी, अहो, तुम्ही जेवाल कशा?"

"पातळ करून. मला आता काय फोडायचंय दातांनी? गाड्या सुटू देत तुझ्या."

एक तारखेला बाई कंट्रोलरपुढे उभी राहिली आणि दहा फलाट न चुकता म्हणून दाखवले. कंट्रोलर भांडले. रेकॉर्डिंग सहा महिने पुढे गेलं. कवळी हिरड्यांना लागते, बाई दर तासाला कापूस बदलते, पण आवाजात काही कळत नाही. स्टँड दोनच गल्ल्या पलीकडे आहे. आजी खिडकीत बसून वाटीतून पातळ जेवण पितात, आणि वाऱ्यावर घोषणा आली की येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "ऐका, माझे दात बोलतायत."

निधीच्या यंदाच्या अहवालात लाभार्थींची संख्या पाचवरून सहावर गेली आहे. सहावी नोंद अशी: 'निधीच्या मार्गदर्शनाने दंतसाहाय्य. खर्च: निरंक.' अध्यक्षांनी ही पद्धत चष्मे आणि कुबड्यांनाही लागू करता येईल का, हे बघायला उपसमिती नेमली आहे.

नणंद मध्यंतरी आजींच्या नावाने अर्ज घेऊन गेली होती. कारकून हळहळला. पण आजींचे दात अगदी धडधाकट असताना गेलेले. कधीपासून हलत होते असंही विचारता येईना. सहा महिने पुरे होऊ देत, म्हणाला. आजी चौऱ्याऐंशीच्या आहेत, तेव्हा प्रश्न मार्गी लागेल असं समितीलाही वाटतं.

आता एक खुलासा. बाई सोमवारी रिक्षाने का गेली, हे समितीने विचारलं नाही. बसने गेली असती तर प्रत्येक कंडक्टर ओळखीचा, आणि प्रत्येकाने तिला बोलायला लावलं असतं. समितीच्या नजरेतून रिक्षा सुटली. तुमच्या नजरेतून सुटली नसेल. दात नाहीत म्हणते आणि रिक्षाने फिरते, असं मनात येऊन गेलं असेल. कानातल्यांपाशीही क्षणभर थबकला असाल.

तसं असेल तर अवश्य कळवा. मुख्याध्यापकांचे डोळे आता साथ देत नाहीत, आणि समितीत एक जागा रिकामी झाली आहे. अर्ज नाही, दाखला नाही, दोन प्रतिष्ठितांचं पत्र नाही. अट एकच: दात स्वतःचे असावेत.